जूनचं पाणी

मे सरला आणि साना नदी खरं बोलायला लागली.
डोंगरातलं गढूळ पाणी ओसरलं, आता ती
तळातला एकेक गोटा दाखवते,
आणि गोट्यांना मी दिसतो.

एप्रिलची जड माशी, तांब्याच्या तारेची,
डबीत परत ठेवली.
तेव्हा मासे तळाशी सुस्त होते,
नाकासमोरून काही ढोबळ गेलं तरी चालायचं.
आता पोटं भरलेली, डोळे उघडे.
आता गळ तिळाएवढा, धागा
माझ्या उरल्यासुरल्या केसांहून बारीक,
आणि गळाचं नेढं मला दिसतच नाही.

मिरसादा ओवून देते.
फिक्रेतची मुलगी. थुंकी लावून गाठ आवळते,
बापासारखीच.
"अमिजा, उभे राहू नका."
मग गुडघ्यांवर. गुडघे कुरकुरतात,
वाळुंजाच्या फांद्यांखालून, सावली मागे पडेल असे,
दोन म्हातारे चोर जणू,
त्यातली एक अठ्ठावीस वर्षांची.

दुपारभर डोहात नुसतं आभाळ.
ट्राउट सगळे वर, खडकांमधल्या फेसात,
जिथे पाण्याला श्वास आहे.
पलीकडे आलुबुखारच्या बागेत
कुणीतरी गवत कापतंय, थांबतंय, विळा घासतंय.

जूनमध्ये काठी कमी चालव, डोळे जास्त,
असं फिक्रेत सांगायचा.
स्वतः मात्र भर उन्हात, छातीएवढ्या पाण्यात,
नदीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

संध्याकाळी मुंगी. काळी, पंखवाली,
मिरसादाने शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली.
फांदीवरून निसटावी तशी पडली ती.
पाण्यावर पेराएवढं वर्तुळ, बस्स.
एक श्वास थांबायचं असतं.
मी नाही थांबलो.
दोरा सैल परत आला.

मिरसादा हसली नाही. तिने तापमापक बुडवला,
वर काढला, उजेडाकडे धरला.
"एकवीस. पुरे आता.
दमवून सोडला, तरी रात्रीत मरेल."

वर्तुळं उमटतच होती. तीन, चार,
आणि बुडालेल्या ओंडक्यापाशी ते मोठं,
ज्याच्यामागे फिक्रेतचे शेवटचे उन्हाळे गेले.
हात शिवशिवले. खोटं कशाला बोलू.

काठ्यांचे सांधे सुटे केले.
थर्मासमधली कॉफी कडू, गार झालेली.
मग अंधार पडेपर्यंत बसलो,
आणि पडल्यावरही,
तो जेवत होता, ते ऐकत.