नवा पत्ता

रात्री अपडेट झालं,
आणि सकाळी माइमूच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यातल्या
त्या काळ्या चौकोनात लिहिलेलं:
तापमान शून्य.

तिनं जिन्यातून हाक मारली, "एंडेल, वर ये,
माझं यंत्र गार पडलंय म्हणे."

विल्यांदीच्या बॉयलरघरात मी एकतीस हिवाळे काढले.
शून्यावर टेकलेल्या काट्यावर माझा विश्वास नाही.
आधी काटा मरतो, आग नंतर.
म्हणून चष्मा न लावताच डब्यावर तळहात ठेवला.
ऊब होती,
झोपलेल्या मांजराच्या पोटासारखी.
"जिवंत आहे," म्हटलं, "फक्त सांगत नाहीये."

बाकी सगळं जागच्या जागी.
घड्याळ बरोबर, डिस्क अर्धी भरलेली,
मेमरीची हिरवी पट्टी श्वास घेतल्यासारखी वरखाली.
ती रात्रभर चर्चच्या गायनमंडळाच्या जुन्या वह्या
पानापानानं आत घेत असते,
म्हणून तिला आकडा लागतो,
तापलेल्या दुधाकडे लक्ष ठेवावं तसा.

चौकोन बंद केला, परत उघडला.
शून्य.
यंत्र बंद करून चालू केलं, तेवढ्यात चहा झाला.
शून्य.
मी सुचवलं, चौकोन काढून नवा बसवू.
तो आला तो पडद्याच्या मधोमध, पार्श्वभूमी हरवून,
पांढरी अक्षरं
गोठलेल्या तळ्याच्या फोटोवर,
बर्फावर बर्फानं लिहिल्यासारखी.
"तुझी मदत पुरे," माइमू म्हणाली.

मग तिनं ती फाइल उघडली,
चौकोनाला काय कुठून आणायचं ते सांगणारी,
आणि काचेवर बोट ठेवून एकेक ओळ उतरत गेली.
टपालाचा गठ्ठा ती अशीच चाळायची,
ओठ हलवत, घाई न करता.
एकोणचाळिसाव्या ओळीत बोट थांबलं:
तापमान घ्यावे, सेन्सर क्रमांक दोन.

दोन नंबरच्या दारात आता वाय-फायचं कार्ड राहत होतं.
त्याला उष्णतेबद्दल विचारलं की ते गप्प.
प्रोसेसर शेजारी, तीनमध्ये.
नव्या कर्नलनं रात्रीतून पाट्या बदलल्या,
कुणाला न सांगता.

माइमू हसायला लागली. डोळे पुसले, पुन्हा हसली.

"त्या वर्षीही असंच," ती म्हणाली,
"रस्त्यांची नावं बदलली तेव्हा.
माणसं तीच, कुत्री तीच, चावायचीही त्याच पायाला.
पण पिशवीतलं निम्मं टपाल
नसलेल्या रस्त्यांवर राहणाऱ्यांचं.
आणि टोरांटोची एक बाई होती, साल्मे.
चाळीस वर्षं बहिणीला लिहायची,
पाकिटावर हट्टानं युद्धाआधीचं नाव.
आम्ही दर वेळी तिला मनात शिव्या घालून
पेन्सिलीनं दुरुस्त करायचो.
एका सोमवारी तिचा पत्ता बरोबर निघाला.
तिनं एक अक्षर बदललं नव्हतं."

मी म्हटलं, "मग दोनच ठेव. येईल फिरून."
"चाळीस वर्षं? मी अठ्ठ्याहत्तरची आहे, एंडेल."

मग दोनाचा तीन कर, मी म्हटलं,
तर तिनं मान हलवली.
तीनही उद्या हलेल. आकडे भाडेकरू असतात.
दुपारभर खटपट केली तिनं,
दोनदा कंस चुकला,
एकदा सगळा चौकोनच गुडूप झाला,
राईचा पाव तसाच वाळला ताटलीत.
शेवटी ओळ अशी झाली:
दारं ठोठावत जा, नावं विचार,
प्रोसेसर म्हणवणारा सापडेल
तिथं थांब, आणि त्याची ऊब घेऊन ये.

"चोपन्न," माइमू मोठ्यानं म्हणाली,
सुटे पैसे मोजून दिल्यासारखं.

पंख्याच्या जागी अजून आडवी रेघच आहे.
ते उद्या.

निघताना, ती चहाचे कप विसळत असताना,
मी पुन्हा एकदा तळहात ठेवून पाहिला.
सवय. दुसरं काही नाही.