अंगी लागणं

दर मंगळवारी टँकर येतो.
गॉर्डी लुबॉक नळी जोडतो, कॉकला कान लावतो
आणि सिडनीच्या पश्चिमेला, निलगिरीच्या रानात
गोल रोवलेल्या पांढऱ्या खांबांतून
अजून न उजाडलेल्या सालातली हवा
झाडांच्या तोंडाशी सोडतो.

"सत्तावीस वर्षं हंटर खोऱ्यातून बंदरापर्यंत
कोळशाची गाडी हाकली," तो सांगतो,
"एका खेपेला एक्क्याण्णव डबे.
आताही तेच सामान. फक्त दिसत नाही."

माझं काम खालचं.
जाळीच्या टोपल्यांत पडेल ते वेचायचं:
पानं, साल, बोंडं,
वर जेवायला बसलेल्या अळ्यांच्या काळ्या लेंड्या.
सगळं निवडायचं, वाळवायचं, तोलायचं.
मग खोडाला बांधलेली पोलादी पट्टी वाचायची,
आजारातून उठलेल्या पोराचं मनगट
आई बोटांच्या वेढ्यात धरून बघते, तशी.

चौथं वर्ष.
पानं हवा ओढतात. भूक आहे.
यंत्र म्हणतं, शेजारच्या झाडांपेक्षा जास्तच ओढतात.
पट्टी केसभर हललेली नाही.
खातात, पण अंगी लागत नाही.

मग जातं कुठं?
मुळं त्याची साखर करून मातीत उतरवतात,
बदल्यात मागतात चिमूटभर फॉस्फरस.
माती फार म्हातारी,
कोट्यवधी पावसांनी धुऊन नेलेली.
तिच्याजवळ द्यायला काय असणार?
तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव
आलेली साखर चाटूनपुसून संपवतात
आणि श्वास सोडतात.
मी घमेल्याएवढं झाकण जमिनीवर उपडं घालते.
दोन मिनिटं. आकडा चढत जातो.
मंगळवारची हवा, शुक्रवारी परत.

एकदा शहरातून पाहुणे आले, नव्याकोऱ्या बुटांतले.
"म्हणजे झाडं सांभाळून घेतील ना?"
माझ्या मुठीत लेंड्या होत्या.
मी मूठ उघडली.

गॉर्डीचे वडील खाणीत होते.
छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंनी काजळी.
"त्यांच्या अंगी लागला, बघ,"
एवढं बोलून तो नळी गुंडाळू लागला.

काल बारा नंबरच्या झाडाची पट्टी
एका रेघेनं पुढे सरकलेली दिसली.
मी दोनदा वाचली. गॉर्डीला हाक मारली.
तो धावतच आला, चष्मा शर्टाला पुसला, वाकला,
पट्टीखाली नख घातलं.

सुटलेल्या सालीचा तुकडा होता.
आत एक कोळी, अंडी धरून बसलेला.
आम्ही तो तसाच ठेवला
आणि वहीत आधीचाच आकडा लिहिला.