बोलका बर्फ

तळं गोठलं की वडील मला सोबत न्यायचे, बर्फाखाली जाळं सोडायला.
रात्री बर्फ कण्हायचा, तडतडायचा,
लांब कुठेतरी जाड तार तुटल्यासारखा आवाज व्हायचा.
मी त्यांचा हात घट्ट धरायची.
ते म्हणत, "इर्मेली, बोलतोय तोवर भिऊ नकोस.
गप्प झाला, की पाऊल जपून टाक."

हे आठवायला
मला चौतीस वर्षं संसार करावा लागला.

ताउनो घोरतो, हे कायानीत कुणाला ठाऊक नव्हतं?
सौनात त्याचे मित्र म्हणायचे,
याला बर्फ हटवायची गाडी दिलीच कशाला,
नुसता चौकात निजवला असता तरी रस्ता मोकळा झाला असता.
तो हसायचा. मीही.
त्याच्या सदऱ्याच्या पाठीला मी टेनिसचा चेंडू शिवला,
कानात मेण घातलं,
लेक शिकायला गेली तशी तिच्या खोलीत निजू लागले,
तिच्या घोड्यांच्या चित्रांखाली.
भिंतीपलीकडे करवत चालूच.

मग जानेवारीत एकदा त्या खोलीतला हीटर बंद पडला.
बाहेर उणे एकतीस. मी आपली परत त्याच्या कुशीशी.
करवत चालली होती. थांबली.
आधी वाटलं, सुटले.
मग वाटलं, फारच लांबतंय हे.
छाती तर हलत होती, पण आत काही जात नव्हतं,
आतून कडी लागलेल्या दारावर
कुणी मुक्यानेच धडका द्याव्यात तशी.
मी मोजू लागले.
बावीस. तेवीस.
वडिलांचा हात कुठे गेला?
अडतीसला एक हिसका बसला,
बुडता माणूस पाण्याबाहेर यावा तसा तो वर आला,
आणि पुन्हा करवत.
सकाळी म्हणाला, काय गाढ झोप लागली,
आणि कॉफीचा कप हातात धरूनच पेंगला.

माझं ऐकून तो थोडाच डॉक्टरकडे जाणार?
त्यासाठी बसथांब्याची काच फुटावी लागली,
पहाटे पावणेपाचला, नशीब की थांब्यावर कुणी नव्हतं.
साहेबाला सांगितलं, रस्ता घसरडा होता.
मला सौनाच्या अंधारात सांगितलं,
"मला थांबा दिसलाच नाही गं. मी तिथे नव्हतोच."

छातीला पट्टा, नाकाशी नळी, बोटाला चिमटा
लावून तो एक रात्र निजला.
तासाला अठ्ठेचाळीस वेळा, डॉक्टरीणबाई म्हणाली,
मुलीपेक्षा लहानच असेल, तिने कागदावर गळा काढून दाखवला:
झोपेत स्नायू सैलावतात, जीभ मागे ढळते, वाट मिटते,
रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा करतो,
आणि सकाळी माणसाला यातलं काहीच आठवत नाही.
"घोरणं म्हणजे अरुंद वाट," ती म्हणाली,
"बंद वाटेला आवाज नसतो."
मी म्हटलं, ठाऊक आहे.
मग तिने सांगितलं, उपचार लागू पडेपर्यंत गाडी नाही.
ताउनो आपल्या हातांकडे बघत राहिला.

मुखवट्याशी त्याचं पटेना.
आठवडाभर तो रोज सकाळी पलंगाखाली सापडायचा.
नाक कोरडं, गालांवर वळ,
मी म्हटलं, वैमानिक दिसतोस. तो हसला नाही.
मग मुखवटा बदलून दिला, हवेला ओल दिली,
तरी शिव्या चालूच होत्या.
तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी
लोणी लावता लावता तो थांबला आणि म्हणाला,
"वाचनालयात एल्क शिरले होते. ओळीने पुस्तकं परत करत होते."
मला कळेना.
स्वप्न होतं ते.
किती वर्षांनी त्याला स्वप्न पडलं होतं,
झोपेच्या तेवढ्या खोलात जाऊ दिलंच कुणी नव्हतं त्याला.

आता रात्री नळीतून हवा वाहते,
शिंपला कानाला लावावा एवढाच आवाज.
मी अजून मोजते. सवय.
एक, दोन,
चारपर्यंत कधी पोचत नाही.

वसंताआधी त्याला गाडी परत मिळाली.
आज पहाटे मी एकटी आहे, उशीवर मुखवटा उताणा पडलाय,
आणि खिडकीखालून तो चाललाय,
अख्खी गल्ली खरवडत, घरघरत, काचा थरथरवत.
वरच्या मजल्यावरची बाई उद्या तक्रार करील.
करू दे.
मी कूस बदलते.