हापसाईड

स्मरणिकेचं तिसरं प्रूफ टेबलावर आलं
तेव्हा शाहूपुरीतली वीज गेलेली.
पान अकरा, खालून सातवी ओळ,
तिथं तो शब्द बसला होता
पाय पसरून, घरच्यासारखा:
हापसाईड.

चूक आहे. लाल पेनाचं टोपण काढलं.
समासात लिहायचं ऑफसाईड,
अ ला काना, वर चंद्र,
दंतवैद्यापुढं उघडतो तेवढा जबडा,
मग वरचे दात खालच्या ओठावर टेकवून
हवा बारीक सोडायची, फ्.
एवढी उस्तवार आमच्या पेठेत कोण करणार?
चेंडू गोलपाशी, तोंडात शेंगदाणे,
दम आधी सुटला त्याचा ह झाला,
ओठ मिटले त्याचा प.
हाप चड्डी, हाप तिकीट, हाप कप चहा,
त्यांच्याच पंगतीत हेही पान वाढलेलं.
बाबू सरनाईक सांगायचा,
"पोरी, निम्मा त्येंच्यात, निम्मा आपल्यात
हुबा ऱ्हायला की हापसाईड."
बाबू सेंटर फॉरवर्ड. दोन घरं होती त्याची.

पान अकरा आबांवर आहे.
ज्ञानदेव तिवले, लाइनमन, सव्वीस वर्षं.
लिहिणारा तेव्हा चौथीत होता. त्याचं वाक्य असं:
अंतिम सामन्यात, वेळ संपता संपता,
स्वतःच्याच नागझरी तालमीचा गोल
त्यांनी हापसाईड दिला.

पुढं परिच्छेद बदलतो.

मी तिथंच आहे अजून, जुन्या परिच्छेदात.
आईच्या पिवळ्या झंपराचा झेंडा
सरळ वर,
आणि स्टेडियम असं गप्प
की पंचगंगेवरची टिटवी ऐकू यावी.
गोल मारणारा आमच्याच बोळातला.
दुसऱ्या पहाटे दूधकट्ट्यावर
म्हशीची धार आबांच्या ग्लासावरून
पलीकडच्या ग्लासात वळली.
कुणी शिवी दिली नाही. शिवी परवडली असती.
गणपतीची वर्गणी मागायला पोरं
शेजारपर्यंत आली, आमचं दार सोडून गेली.
आबा एवढंच म्हणाले,
"पाय पुढं हुता. हातभर."
आणि परत कधीच नाही,
गेल्या आखाडात गेले तोवर.

मेणबत्ती धरून छापखान्याचा जाड कोश उघडला.
मेण बोटावर.
ऑफ, म्हणजे सुटलेला, दूर.
साईड, म्हणजे बाजू, आपली माणसं.
आपल्या माणसांतून सुटून
पुढं एकटाच उभा राहिलेला, तो.
मी पुन्हा वाचलं.
नियम तर खेळणाऱ्यासाठी आहे,
झेंडा धरणाऱ्याबद्दल कोशात काही नाही.

आणि खाली, मुंगीच्या अक्षरात, कुळकथा:
ऑफचा सख्खा भाऊ संस्कृतात अप.
अपमानाच्या आधी लागतो तो,
अपयशाच्या, अपवादाच्या.
एकाच घरातून निघालेले दोघे,
तिकडं वाटेत कुठंतरी प चा फ झाला.
मग हजारो वर्षांनी, बोटीतून, बुटातून
शब्द आमच्या स्टँडवर आला
आणि शेंगदाणे खाणाऱ्या तोंडांनी
कुणाला न विचारता
फ चा परत प केला.
पंडितांना हे जमलं नसतं.

वीज आली. पंखा, मग मशीन.
संगणकावरचा इर्शाद म्हणाला,
"ताई, त्ये ऑफसाईड करायचं न्हवं?"
म्हटलं, तू म्हणून दाखव आधी. मोठ्यानं.
म्हणाला तो.
मशीनवरच्या दोघांनी चटकन मान वर करून
दाराकडं पाहिलं,
झेंडा कुठं दिसतोय का.

शब्दाखाली मी टिंबं दिली,
समासात लिहिलं, कायम.