अस्वलाचा रकाना

कुरखेड्याच्या शाखेतले साहेब आले
फटफटीवर, पाठीवर लॅपटॉप,
भुवयांवर फुफाटा.
गोटुलच्या ओट्यावर बसले, तांब्याभर पाणी प्याले
आणि म्हणाले, आधी तारण सांगा.

झाडूकाका उठून आत गेले.
सामूहिक हक्काचा कागद घेऊन आले, चौकटीत बसवलेला.
वाळवी लागू नये म्हणून
दर दिवाळीला आम्ही तो उतरवून पुसतो.
जंगल आमचं आहे, ते म्हणाले,
पण विकता येत नाही. गहाणही नाही.
साहेबांनी तो रकाना रिकामा सोडला.
यंत्राने तो लाल केला.

हिशेब मी लिहिते.
बारावीत माझं इंग्रजी राहिलं, पण बेरीज चुकत नाही.
मागच्या साली एकशे बारा क्विंटल मोह,
वैशाखात एकतीस रुपयांनी गेला,
कारण ठेवायला कोरडी जागा नव्हती.
पोळ्याला तोच व्यापारी
तोच मोह सत्तावन्नला विकत होता,
आमच्याच बायांना.

म्हणून गोदाम.
म्हणून जाळ्या, हिरव्या, झाडाखाली ताणायच्या,
म्हणजे फुलं वेचायला
पाचोळा जाळावा लागणार नाही.
परवाच्या साली आग नाल्यापर्यंत गेली होती.
चारोळीची रोपं गेली, गुडघ्याएवढी झालेली.
आणि लांडोरीची अंडी, पाच,
मी हातात घेऊन पाहिली, उकडलेली.
ती कुठल्या पानावर लिहायची
ते मला अजून कोणी शिकवलेलं नाही.

साहेब वाईट नव्हते. सगळं टिपून घेत होते.
हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला, म्हणाले.
रैनूबाई पोटावीने गालातला तंबाखू दुसऱ्या गालात सारला.
"पाच तारखेले मोह पडते का जी?
तुमीच सांगून पाहा झाडाले."
साहेब हसले. मग पेन्सिलीने, बारीक अक्षरात,
कडेला लिहिलं: वर्षातून दोनदा?
प्रश्नचिन्हासकट.

मग माझी वही चाळता चाळता थांबले.
हे काय? अस्वल, तीन क्विंटल?
ही घट आहे, चोरी आहे, की दान?

कोणीच बोललं नाही.
सगळे चैनसायकडे पाहू लागले,
आणि चैनसाय, त्याचा उरलेला डोळा
चपलेच्या अंगठ्यावर ठेवून, सावकाश म्हणाला,
पहाडीवरची अकरा झाडं आम्ही वेचत नाही.
ती रात्री येते. पिल्लू पाठीवर असते.
खाते, जाते.
ठराव केला त्याले तीन सालं झाली.
तवापासून गावात कोणाले टाके पडले नाहीत.

साहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं,
कानापासून हनुवटीपर्यंत,
आणि लॅपटॉपवर टाइप केलं: विमा.
बरोबर आहे ना, मला विचारलं.
मी हो म्हटलं.
चैनसाय नाही म्हणाला.
"तिचंच होय ते. आपण कायले दिलं म्हणाचं?"

एवढं यंत्रात बसलं नाही.

फाइल नागपूरला गेली.
बावीस दिवसांनी मोबाइलवर निरोप आला:
विमा कंपनीचं नाव व पत्ता कळवावा.
गावभर हसलो आम्ही, अगदी पोटं दुखेस्तोवर,
झाडूकाका तर खाटेवरून घसरले.
मग कंदील घेऊन मी एकटी बसले
आणि उत्तर लिहिलं, सरळ अक्षरात:
अकरा मोहाची झाडं, पहाडी,
मु. कोहकाटोला. फोन नाही.

उत्तराचं उत्तर अजून यायचं आहे.
जाळ्या उसनवारीच्या, चारच मिळाल्या,
त्या नाल्याकडच्या झाडांना बांधल्या.
यंदा तिकडे काडी ओढली नाही.
पहाटे टोपली घेऊन निघाले तर पाचोळा तसाच,
ओला, जाड, पायाखाली बसणारा,
आणि वर जाळीत मोह पडत होता,
एकेक, आवाज न करता.
पहाडीवर कोणीतरी जोरात फुसकारलं.
मी पाच मिनिटं तिथेच थांबले.
मग वही काढून आजची तारीख टाकली
आणि पट्टीने एक नवी रेघ ओढली.