फूल नसलेली कमान

आमच्या तालुक्याच्या कोर्टाला पाच कमानी.
काळा दगड, चुन्यात गूळ नि बेलफळ,
वर घड्याळ. त्याचा लहान काटा
पोलीस अॅक्शनच्या सालापासून नाही.

चार कमानींच्या माथ्यावर कमळ कोरलंय.
पाचवी सपाट.
तिच्याखाली स्टॅम्पवाला दस्तगीर बसतो,
सावली इथं जरा जास्त टिकती म्हणतो.

मी नकला विभागात. एकोणीस वर्षं
लोकांच्या भांडणांवर 'खरी प्रत' असा शिक्का मारते.
एका साली रेकॉर्डरूम गळली,
बस्ते अंगणात उन्हाला घातले, लाल फडकी सोडली,
तर सगळ्यात खाली नंबर एक,
फसली तेराशे अडतीस.
उर्दू. दस्तगीरनं चष्मा पुसून
थांबत थांबत वाचलं:

शेख लाडले, गवंडी, राहणार कसबा,
विरुद्ध गुत्तेदार.
दावा पाच कमानींच्या मजुरीचा,
पैकी चारांची पोचली.

या इमारतीतला पहिला दावा
या इमारतीचाच.

पुढं तारीख. तारीख. वादी हजर.
तारीख. वादी हजर.
निकालाचं पान वाळवीनं नेलेलं.

परवा बांधकाम खात्याचा पोरगेला इंजिनिअर आला.
कोर्ट बायपासला जाणार, ही इमारत धोकादायक.
यादीत लिहिलं: कमान पाच, नक्षी झिजलेली.
मी म्हटलं, झिजली नाही साहेब,
कोरलीच नव्हती.
तो म्हणाला, त्याला रकाना नाही मॅडम.

दस्तगीरनं पेटी भिंतीकडं थोडी सरकवली
आणि पुढच्या माणसाला विचारलं,
कितीचा पायजे?