शेऱ्याचा रकाना

ताकुआरेम्बोपासून नव्वद किलोमीटर, शेवटचे वीस मातीचे.
वाटेत दोन फाटकं. उघडायची, पार व्हायचं, परत लावायची;
मेंढ्या बाहेर पडल्या तर दोष तपासनीसबाईचा.
कुंपणाला दोन घोडी बांधलेली दिसली.
हजेरीपटाआधी मी तीच मोजली,
म्हटलं, म्हणजे आज चौघं तरी आलीत.

नऊ आली होती. पट अकराचा.
पांढरे डगले, गळ्याशी निळी फीत.
एकीची फीत सुतळीची,
शाईत बुडवून निळी केलेली, डगल्यावर तिचे ठिपके.

माझ्याकडे सहा पानी नमुना.
प्रयोगशाळा: नाही. ग्रंथालय: एक कपाट, खालचा कप्पा ओला.
सहावीचा निकाल: पन्नास टक्के.
राजधानीत कुणीतरी हा आकडा लाल करून ठेवला होता.
सहावीत मुलं दोन.

नापास झालेला अदेमार खिडकीशी बसला होता.
त्याची उत्तरपत्रिका मी सोबतच आणलेली.
टाकी किती तासांत भरेल, असा प्रश्न.
त्यानं लिहिलं होतं:
वारा किती आहे ते दिलेलं नाही.
तपासणाऱ्यानं फुली मारली होती, कागद फाटेपर्यंत.
बाहेर पवनचक्की उभी, पातं हलत नव्हतं.

मला वाटलं, झालं, सापडलं.
एवढ्यावर एक सुरेख शेरा उभा राहतो.
सव्वीस वर्षांत असे शेरे मी पुष्कळ लिहिलेत
आणि लिहून झाल्यावर जेवण गोड लागलंय.

मग देओलिंदा वाचायला उभी राहिली. तिसरी.
चित्रात घोडा होता, म्हणून ती घोडा म्हणाली.
ओळीत होतं खेचर.
पुढच्या पानावर चित्र नव्हतं.
तिनं बोट ठेवलं पहिल्या शब्दाखाली
आणि ते तिथेच राहिलं.
माळावर टिटव्या कुणावर तरी ओरडत होत्या.
वर्गात कुणी हसलं नाही,
सगळ्यांना सवय होती, थांबायची.
न हसण्याला नमुन्यात रकाना नाही.
न वाचता येण्याला आहे.

दुपारी मटणाचा रस्सा, त्यात भोपळा.
नेल्बाबाईच शिजवतात, त्याच वाढतात,
सोमवार ते शुक्रवार मागच्या खोलीत झोपतात.
त्यांचा मुलगा शहरात, मोठ्या शाळेत.
मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं,
माझ्याकडे न बघता.

मातेचं भांडं माझ्या हाती देत म्हणाल्या,
"चांगलं लिहू नका.
मागच्या साहेबांनी लिहिलं, समर्पित शिक्षिका.
समर्पित बाईला मदतनीस कशाला, असं वरच्यांना वाटलं.
सहा इयत्ता एका फळ्यावर ओढते मी.
त्या पोरीसाठी दिवसाला वीस मिनिटं उरतात,
त्यातली दहा चूल खाते.
लिहा की तिला वाचता येत नाही.
माझ्या नावासकट लिहा."

"आणि अदेमार?" मी विचारलं.
"त्याला येतं. पण उत्तर द्यायचं असतं हे कळत नाही.
तेही लिहा."

माझं 'समाधानकारक' आधीच लिहून झालं होतं, पेन्सिलीनं.
खोडलं. त्याचा ठसा कागदावर राहिलाच.
त्यावरून पेनानं लिहिलं, सरळ, विशेषणाशिवाय,
आणि बाईंनी खाली सही केली,
पावतीवर करतात तशी.

परतताना दुसऱ्या फाटकाशी अदेमार घोड्यावर.
मी उतरायच्या आत त्यानं फाटक उघडलं.
"शाळा पास झाली?"
मी काच खाली केली.
"नापास केलीय. मुद्दाम. कुणीतरी पाठवतील म्हणून."
त्यानं जरा विचार केला.
"मला नापास केलं, तेव्हा कुणी पाठवलं नाही," म्हणाला,
रागानं नव्हे, हवामान सांगावं तसं.

आणि माझ्यामागे फाटक लावून घेतलं,
कडी दोनदा हलवून पाहिली.